महागडी रेकॉर्ड खरंच चांगली वाजते का?

प्रश्न : वडिलांचा जुना टर्नटेबल दुरुस्त करून घेतल्यापासून आमच्या घरात पुन्हा एलपी वाजू लागल्या आहेत. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्यायला गेलो, तर एक साधी आवृत्ती दिसली आणि तिच्यापेक्षा कितीतरी महाग अशा ‘ऑडिओफाइल’ आवृत्त्याही दिसल्या. त्यांच्या स्टिकरवर ‘180 ग्रॅम’, ‘मूळ मास्टर टेपवरून’, ‘45 आरपीएम’ असं बरंच काही छापलेलं असतं. संगीत तेच, वादक तेच, मग आवाज वेगळा कसा येईल? की जास्तीचे पैसे नुसते कव्हरचे आणि नावाचे?

उत्तर : थोडक्यात सांगायचं तर फरक पडतो, पण दर वेळी पडत नाही, आणि पडतो तेव्हाही स्टिकरवर सर्वांत ठळक छापलेल्या गोष्टीमुळे तो पडलेला असेलच असं नाही. कोणती टेप वापरली, खाच कोणी कोरली आणि तबकडी किती निगुतीने छापली, या तीन गोष्टींवर रेकॉर्डचा आवाज ठरतो. ऑडिओफाइल आवृत्ती काढणारे या तिन्हींवर जास्त वेळ आणि पैसा घालतात, म्हणून ती पुष्कळदा सरस ठरते. हे समजून घ्यायला आधी रेकॉर्ड तयार कशी होते ते पाहू.

स्टुडिओतलं काम संपलं की हाती एक मास्टर टेप येते. ती वाजत असताना कटिंग लेथ नावाच्या यंत्राची तापवलेली सुई एका चकतीवर खाच कोरत जाते. ही चकती ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर लॅकरचा मऊ थर असतो. कोरलेल्या लॅकरवर चांदीचा पातळ मुलामा देऊन वर निकेल चढवतात. निकेलचा थर अलगद सोलला की खाचेची उलटी प्रत मिळते. तिला ‘फादर’ म्हणतात. फादरवरून ‘मदर’ आणि मदरवरून ‘स्टँपर’ तयार होतो. स्टँपर प्रेसमध्ये बसवायचा आणि तापवून मऊ केलेल्या पीव्हीसीच्या गोळ्यावर दाबायचा, की रेकॉर्ड तयार. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर पुसट होतं, तसं इथे प्रत्येक पायरीला आवाजातलं काहीतरी बारीकसं गळत असतं.

पहिली गोष्ट टेपची. गाजलेल्या अल्बमच्या टेपा एकच नसतात. मूळ मास्टर असते, तिची सुरक्षित ठेवलेली प्रत असते, परदेशी कंपन्यांना पाठवलेल्या प्रती असतात. साधी आवृत्ती यांपैकी एखाद्या प्रतीवरून किंवा सीडीसाठी केलेल्या डिजिटल फाइलवरूनही निघालेली असू शकते. तुम्ही निवडलेल्या अल्बमचंच उदाहरण घ्या. ‘काइंड ऑफ ब्लू’चं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत 1959 साली, 2 मार्च आणि 22 एप्रिल अशा दोन दिवशी झालं. पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू मुद्रित झालेली टेप योग्य वेगाने वाजवली की ती जलद आणि चढ्या सुरात वाजते. त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही वादनं कित्येक वर्षं मूळ स्वरापेक्षा चढी छापली गेली. रेकॉर्डबरोबर सूर धरायला बसणाऱ्या वादकांना आपलंच वाद्य उतरलंय असं वाटे. सुदैवाने शेजारी दुसरं टेपयंत्रही चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. त्या टेपेवरून 1992 साली ही चूक दुरुस्त झाली.

यातून एक गैरसमज आपोआप दूर होतो. पहिल्या छपाईची रेकॉर्ड सर्वांत खरी, असं बरेच संग्राहक मानतात. संग्राहक म्हणून तिचं मोल आहेच, पण 1959 सालची महागडी ‘काइंड ऑफ ब्लू’ घेणाऱ्याला पहिल्या बाजूवर चुकीचा सूर मिळतो, आणि आजची साधी, दुरुस्त आवृत्ती घेणाऱ्याला बरोबर सूर मिळतो.

दुसरी गोष्ट कोरणाऱ्या माणसाची, आणि तिन्हींत हीच सर्वांत मोठी. टेपेवरचं सगळं जसंच्या तसं खाचेत उतरत नाही. खर्जाचा आवाज खाचेला रुंद हेलकावे देतो, म्हणून त्याला जागा जास्त लागते. आवाज मोठा ठेवला तर एका बाजूला कमी मिनिटं मावतात. झांजांसारखे किंवा तोंडातल्या ‘स’सारखे तीक्ष्ण आवाज खाचेत इतके दाट होतात, की सुईला ते नीट धरता येत नाहीत. कुठे किती सोडायचं आणि कुठे धीटपणे कोरायचं, हे कटिंग इंजिनिअरला ठरवावं लागतं. एकाच टेपेवरून दोघांनी कोरलेल्या रेकॉर्डी म्हणूनच वेगळ्या वाजतात.

लेड झेपलिनचा दुसरा अल्बम 1969 साली आला, तेव्हा तरुण बॉब लडविग यांनी तो अतिशय जोरकस कोरला होता. अटलांटिक कंपनीचे अहमत एर्टेगुन यांच्या मुलीच्या स्वस्त प्लेयरवर त्या रेकॉर्डची सुई उडू लागली, आणि कंपनीने तो अल्बम सौम्य करून पुन्हा कोरून घेतला, असं लडविग यांनी स्वतः सांगितलं आहे. त्यांच्या हातची ती पहिली रेकॉर्ड तेव्हा दुकानात साध्या किमतीला मिळणारी सर्वसाधारण छपाई होती. आज जाणकार मोठी किंमत मोजून तिच्यासाठी धडपडतात. तिच्यावर ‘ऑडिओफाइल’ असं कुठेही लिहिलेलं नाही. शेवटच्या गाण्यानंतर लेबलच्या कडेला जी गुळगुळीत पट्टी उरते, तिथे ‘आर एल’ ही दोन अक्षरं मात्र कोरलेली आहेत.

ब्लू नोट कंपनीच्या जुन्या जाझ रेकॉर्डींची कहाणी उलट आहे. रूडी व्हॅन गेल्डर यांनी ध्वनिमुद्रण आणि कोरणं ही दोन्ही कामं केली. पण त्या काळच्या घरगुती यंत्रांना झेपावं म्हणून कोरताना ते खर्ज थोडा आवरत आणि आवाजाचे उंचवटे दाबत. टेपेवर खर्ज भरपूर होता. आज केव्हिन ग्रे त्याच टेपांवरून कोरतात, तेव्हा कॉन्ट्राबासचा गाभा मूळ रेकॉर्डीपेक्षा भरदार ऐकू येतो. इथे नवी आवृत्ती खरोखर काहीतरी जास्त देते, आणि कारण स्पष्ट आहे : आजच्या कोरणाऱ्याला जुन्या प्लेयरांची भीती उरलेली नाही.

तिसरी गोष्ट छपाईची. स्टँपर वापरून वापरून झिजतो. हजाराच्या आसपास रेकॉर्डी निघाल्यावर तो बदलावा लागतो. कारखान्याने घाई किंवा काटकसर केली तर नंतरच्या प्रती मंद आणि खरखरीत निघतात. तापमान चुकलं की पीव्हीसी खाचेच्या तळापर्यंत भरत नाही आणि एखाद्या बाजूला कापड फाडल्यासारखा ‘चर्र’ आवाज येतो. मधलं भोक किंचित बाजूला पडलं तरीही दोष ऐकू येतो. तुमच्याकडच्या एखाद्या रेकॉर्डवर हे पाहता येईल. रेकॉर्ड फिरत असताना वरून आर्मच्या टोकाकडे बघा. ते सावकाश आत सरकण्याऐवजी प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे डुलत असेल, तर भोक मध्यावर नाही. पियानोचा लांबवलेला स्वर अशा रेकॉर्डवर थरथरतो आणि मग संगीताला स्थैर्य राहत नाही. चांगले कारखाने असे नग वेगळे काढतात. कॅलिफोर्नियातल्या कॅमरिओचा ‘आरटीआय’ किंवा कॅन्ससमधल्या सलायनाचा ‘क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्ज’ यांचं नाव त्या काळजीसाठीच घेतलं जातं. काही महागड्या मालिकांत फादरच थेट स्टँपर म्हणून वापरतात. मधल्या दोन पायऱ्या वाचतात, पण एका लॅकरमधून थोड्याच प्रती निघतात, म्हणून किंमत चढते.

आता स्टिकरवरच्या शब्दांकडे वळू.

180 ग्रॅम : नेहमीची एलपी साधारण 120 ते 140 ग्रॅमची असते. जाड रेकॉर्ड हाताला भक्कम लागते आणि सहज वाकत नाही. पण सुई वरच्या खाचेतून जाते आणि खाच जाड-पातळ दोन्ही रेकॉर्डींवर तितकीच खोल असते. वाईट टेपेवरून छापलेली 180 ग्रॅमची रेकॉर्डही वाईटच वाजते.

45 आरपीएम : याला मात्र भौतिकशास्त्राचा आधार आहे. 33⅓च्या वेगाने बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सुईखालून जाते. लेबलजवळ येईपर्यंत ती जेमतेम 21 सेंटिमीटर उरते. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळाल्यामुळे बाजूच्या अखेरीला आवाज चिरकतो. 45च्या वेगाला आतल्या कडेलाही सुमारे 28 सेंटिमीटर मिळतात आणि तीक्ष्ण स्वर स्वच्छ राहतात. बदल्यात एका अल्बमच्या दोन तबकड्या होतात आणि उठून बाजू बदलण्याचं काम दुप्पट होतं.

हाफ-स्पीड मास्टरिंग : टेप आणि लेथ दोन्ही निम्म्या वेगाने चालवून कोरतात. त्यामुळे तीक्ष्ण स्वर कोरताना यंत्रावरचा ताण कमी होतो. पद्धत चांगली आहे, पण ती वापरणाराही चांगला असावा लागतो.

संपूर्ण ॲनलॉग : डिजिटल पायरी आली की आवाज बिघडलाच, असा एक पक्का समज आहे. 1977 साली स्थापन झालेली ‘मोबाइल फिडेलिटी’ ही कॅलिफोर्नियातली कंपनी मूळ मास्टरवरून काढलेल्या रेकॉर्डींसाठी जगभर नावाजलेली होती. 2022च्या जुलैमध्ये उघड झालं, की 2011पासून तिच्या अनेक रेकॉर्डी टेपेची उच्च दर्जाची डिजिटल प्रत करून त्या प्रतीवरून कोरल्या जात होत्या. ग्राहक संतापले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. तो संताप योग्यच होता, कारण ज्यासाठी पैसे मोजले त्याबद्दलची खरी माहिती त्यांना दिली गेली नव्हती. पण त्याच रेकॉर्डींना कट्टर ॲनलॉगप्रेमींनी आणि समीक्षकांनी वर्षानुवर्षं उत्तम म्हटलं होतं, हेही विसरता येत नाही. म्हणजे काळजीने केलेली डिजिटल पायरी कानाला सहज पकडता येत नाही. कोरणाऱ्याचा हात मात्र लगेच कळतो.

आता तुमच्या घरच्या यंत्राबद्दल. सुई झिजलेली असेल किंवा जुनं सिरॅमिक कार्ट्रिज पाच-सहा ग्रॅमचा भार रेकॉर्डवर टाकत असेल, तर वर सांगितलेले बहुतेक फरक ऐकूच येणार नाहीत, शिवाय नवी रेकॉर्ड लवकर झिजेल. चांगलं मॅग्नेटिक कार्ट्रिज साधारण दीड ते दोन ग्रॅमवर चालतं. दोन आवृत्त्या ताडून पाहायच्या असतील तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मग घरातल्या कोणाला तरी रेकॉर्डी बदलायला सांगा आणि कोणती लावली ते न बघता ऐका. किंमत ठाऊक असली की कान तिच्या बाजूने झुकतात. यात कमीपणा काही नाही, सगळ्यांचेच झुकतात.

खरेदी करताना वजनापेक्षा तीन गोष्टी शोधा : कोणत्या टेपेवरून, कोणी कोरली, कुठे छापली. जी कंपनी ही तिन्ही उत्तरं उघडपणे देते, तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. उत्तरं दिली नसतील तर लेबलच्या कडेची पट्टी तिरप्या उजेडात धरून वाचा. तिथे बऱ्याचदा इंजिनिअरची खूण सापडते. ब्लू नोटच्या दोन मालिका इथे उपयोगी पडतील. ‘टोन पोएट’ मालिका महाग, ‘क्लासिक’ मालिका स्वस्त. पण दोन्हींचं कोरणं केव्हिन ग्रे यांचं आणि तेही बहुतेक वेळा मूळ टेपेवरून. फरक उरतो तो छपाईच्या कारखान्याचा आणि कव्हरच्या थाटाचा. तेव्हा तुमच्यासाठी सल्ला असा : सुरुवातीला अशीच नीट कोरलेली साधी आवृत्ती घ्या आणि वाचलेल्या पैशांतून वडिलांच्या टर्नटेबलला नवी सुई बसवून घ्या. महागडी आवृत्ती नंतर कधीही घेता येईल, आणि तेव्हा जास्तीचे पैसे कशाला लागले हे तुमचे कानच सांगू शकतील.