उन्हाळी सुट्टी आणि घरातला मीटर

वार्षिक परीक्षा संपली, पुस्तके माळ्यावर गेली आणि तुम्ही दिवसभर घरी आलात. याची पहिली नोंद कोण घेतो, ठाऊक आहे? दाराबाहेर टांगलेला विजेचा मीटर! शाळेच्या दिवसांत दुपारी तुमच्या घरातील पंखे बंद असत. आता ते चालू. त्यात मामा-मावशीची मुले राहायला आली की चहाची आधणे वाढतात, कुकर दोनदा चढतो.

आपल्या सोलापुरात हा प्रश्न साधा नाही. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. यंत्रमागावरील कामगाराची कमाईही हातच्या कामावर ठरते. मुलांना सुट्टी लागली म्हणून यांची मजुरी वाढत नाही, घरात खाणारी तोंडे आणि फिरणारे पंखे तेवढे वाढतात. तेव्हा मे महिन्याचे बिल थोडे खाली आणणे हे तुमच्या विज्ञानाच्या अभ्यासाला शोभेल असे काम आहे.

प्रथम बिल नीट वाचा. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी आणि 101 ते 300 युनिटांचा त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. पुष्कळांचा असा समज आहे की शंभरी ओलांडली की सगळेच बिल चढ्या दराने येते. तसे नाही, चढा दर वरच्या युनिटांनाच लागतो. आता एक हिशेब करू. एरवी महिन्याला 90 युनिट जाळणाऱ्या घरात सुट्टीमुळे दोन पंखे रोज आठ तास जास्त चालले. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॅटचा. 2 × 75 × 8 म्हणजे 1200 वॅट-तास, अर्थात रोज 1.2 युनिट आणि महिन्याला 36 युनिट. बिल 126 युनिटांवर गेले. यातील शेवटचे 26 युनिट महागाचे. तुम्ही वीस युनिट वाचवलेत, तर ते वीसही महागाच्या वाट्यातलेच वाचतात. थोडक्या बचतीला एवढी किंमत का, ते येथे कळते.

पण वाचवायचे कोठे? अंदाज बांधू नका, मोजा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा, तो 3200 आहे. घरातील मोठ्या माणसांना सांगून दहा मिनिटे सर्व बटणे बंद करा आणि फक्त एक पंखा चालू ठेवा. (मीटरला किंवा त्याच्या सीलला हात लावायचा नाही; लांबून पाहायचे.) दहा मिनिटांत दिवा 40 वेळा लुकलुकला, तर तासाला 240 वेळा. 240 भागिले 3200 म्हणजे 0.075 युनिट. तुमचा पंखा 75 वॅटचा आहे, हे तुम्ही स्वतः शोधून काढलेत! याच रीतीने टीव्ही रिमोटने बंद करून, पण भिंतीवरचे बटण चालू ठेवून मोजा. दिवा लुकलुकतच राहिला तर समजा, टीव्हीजवळचा डबा झोपेतही वीज खातो आहे. तो आठ वॅट घेत असेल, तर महिन्याला पावणेसहा युनिट फुकट गेले.

पंख्याविषयी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पंखा खोली थंड करीत नाही. तो तुमच्या घामाची वाफ लवकर करतो आणि त्या वाफेबरोबर अंगातील उष्णता जाते. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट आपल्या मोटारीने हवा थोडी तापवतोच. मात्र काटकसरीच्या भरात आजी-आजोबांचा किंवा तान्ह्या बाळाचा पंखा बंद करू नका. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा नुसता पंखाही पुरत नाही; पाणी पिणे आणि ओल्या फडक्याने अंग पुसणे त्याच्या जोडीला हवे. पंखा बदलायची ऐपत असेल, तर सर्वांत जास्त तास चालणारा आधी बदला. नव्या बीएलडीसी जातीचा पंखा साधारण 30 वॅटवर चालतो. रोज सोळा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात.

माठाचे तत्त्व घामाचेच. दहा लिटर पाणी दहा अंशांनी थंड करायचे, तर त्यातून 100 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे माठातून जेमतेम 175 ग्रॅम पाणी पाझरून उडाले की काम झाले! बाहेरून उष्णता आत शिरतच असते, म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त उडते. हे आपल्याकडे उत्तम जमते, कारण येथील उन्हाळी हवा कोरडी आहे. मुंबईच्या दमट हवेत हाच माठ निम्म्यानेही काम करीत नाही. तरीही खरे सांगायचे तर माठाने विजेची बचत फार मोठी होत नाही, महिन्याला चार-पाच युनिट. फ्रीजचे दार दिवसातून पन्नास वेळा उघडणे थांबते, हा फायदा वेगळा.

आता स्वयंपाकघरात चला. खरी उधळपट्टी येथे आहे. एक लिटर पाणी 30 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला 70 किलोकॅलरी लागतात. तेच पाणी उकळून पूर्ण उडवायला 540 किलोकॅलरी, जवळजवळ आठपट! पाणी एकदा उकळू लागले की खाली जाळ कितीही मोठा करा, तापमान 100 अंशांवर जात नाही. वाढतो तो फक्त वाफेचा लोट, आणि ती वाफ म्हणजे सिलिंडरमधील गॅसच. म्हणून उकळी फुटली की जाळ बारीक करावा, पातेल्यावर झाकण ठेवावे. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे 120 अंशांना उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. डाळ शिट्टीने शिजत नाही, शिजते ती आतील दाबाने. प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली उष्णता. पहिल्या शिट्टीनंतर ज्योत अगदी लहान करून पाहा. तूरडाळ तासभर आधी भिजवली, तर आणखी वेळ वाचतो. हे आईला शिकवायला जाऊ नका. तिला बहुधा ठाऊक असते, घाई तिला करू देत नाही. सुट्टीत डाळ भिजवायचे काम तुम्ही घ्या.

राहिले ऊन. माळवदावर किंवा गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळवणाऱ्या आपल्या बायका सूर्यशक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आल्या आहेत. स्वच्छ आकाशात भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर जवळजवळ एक किलोवॅट ऊर्जा पडते. तीच पत्र्यावर आणि स्लॅबवर पडून घर तापवते, आणि मग आपण तिच्याशी पंख्याने झुंजतो. एक प्रयोग करा. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एकाला बाहेरून काजळी लावा, दुसऱ्याला चुना. दोन्हींत सारखे पाणी घालून झाकणे लावा आणि दुपारी एक तास उन्हात ठेवा. मग तापमापीने दोन्ही पाण्यांचे तापमान मोजून वहीत लिहा, आणि ती वही घेऊन वडिलांना छपरावर चुन्याचा हात मारायला किती खर्च येईल ते विचारा.