संमिश्र ऊर्जा प्रणाली : खर्चाचा खरा हिशेब

सूर्य मावळला की सौरपटलातून वीज मिळत नाही, वारा पडला की पवनचक्की थांबते आणि डिझेल जनित्र अहोरात्र चालवावे तर इंधनाचा खर्च पेलवत नाही. वीजवाहिन्यांपासून दूर असलेल्या गावातील रुग्णालयाला मात्र लसी थंड ठेवण्यासाठी अखंड वीज हवी असते. अशा ठिकाणी एकाच साधनावर विसंबून न राहता दोन-तीन साधनांची सांगड घालणे, म्हणजेच संमिश्र अथवा हायब्रिड ऊर्जा प्रणाली होय. कल्पना सोपी आहे. खरा प्रश्न प्रमाणाचा आहे. सौरपटले किती, बॅटऱ्या किती आणि जनित्र केवढे?

या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर शोधणाऱ्यांत अमेरिकी संशोधक पीटर लिलिएन्थाल यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. कोलोरॅडो राज्यातील गोल्डन येथील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेत, १९९० च्या दशकात, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘होमर’ ही संगणक आज्ञावली विकसित केली. पुढे २००९ मध्ये लिलिएन्थाल यांनी तिच्या विकासासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली.

होमरची पद्धत बँकिंग व्यवहाराशी परिचित असलेल्यांना जवळची वाटेल. वर्षातील ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला ऊन किती, वारा किती आणि विजेची मागणी किती, याचा ताळमेळ ती मांडते. साधनांच्या निरनिराळ्या जोडण्या अशा रीतीने तपासल्या जातात. गरज भागवू न शकणाऱ्या जोडण्या बाद होतात आणि उरलेल्यांची क्रमवारी ‘निव्वळ वर्तमान खर्चा’नुसार लावली जाते. यात खरेदीची किंमत, इंधन, देखभाल व सुटे भाग बदलण्याचा खर्च, असा संपूर्ण आयुर्मानातील खर्च आजच्या मूल्यात मोजला जातो.

केवळ उदाहरणादाखल घेतलेल्या आकड्यांवरून हे स्पष्ट होईल. एका जनित्राची किंमत २ लाख रुपये आणि इंधन-देखभालीचा वार्षिक खर्च १ लाख २० हजार रुपये आहे. सौरपटले, बॅटरी व पूरक जनित्र यांच्या संमिश्र संचाची किंमत ७ लाख रुपये, तर वार्षिक खर्च ३० हजार रुपये आहे. खरेदीच्या वेळी जनित्रच स्वस्त वाटते. परंतु १० वर्षांचा कालावधी व १० टक्के वटाव दर धरल्यास जनित्राचा एकूण वर्तमान खर्च सुमारे ९.३७ लाख, तर संमिश्र संचाचा सुमारे ८.८४ लाख रुपये होतो.

येथेच थांबल्यास मात्र फसगत होईल. सहाव्या वर्षाअखेर १ लाख रुपयांची बॅटरी बदलावी लागली, तर संमिश्र संचाचा खर्च ९.४१ लाखांवर जातो आणि त्याची सरशी नाहीशी होते. उलट, दोन्ही पर्यायांचा वार्षिक खर्च पहिल्या वर्षापासून १० टक्क्यांनी अधिक धरल्यास जनित्र १०.११ लाखांना, तर बॅटरी बदलूनही संमिश्र संच ९.५९ लाखांना पडतो. गृहीतके बदलली की निष्कर्ष किती बदलतो, हे पाहण्याच्या या रीतीला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. होमरचा हा महत्त्वाचा भाग आहे.

वरील हिशेबात विजेची मागणी ठरलेली मानली आहे. स्मार्ट ग्रिडविषयक संशोधन त्यापुढे जाऊन विचारते, की पुरवठा मुबलक असेल त्या वेळेकडे मागणीच वळवता येईल काय? स्मार्ट मीटर कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद ठेवतो. त्याआधारे पाण्याचा पंप रात्रीऐवजी दुपारी चालविता आला, तर लहान बॅटरीवरही काम भागते आणि ती बदलण्याचा खर्चही घटतो.

भारतात या दोन्ही विचारांना धोरणात स्थान मिळाले आहे. राष्ट्रीय स्मार्ट ग्रिड अभियान २०१५ मध्ये सुरू झाले. पावसाळ्यात ऊन कमी असताना देशाच्या अनेक भागांत वारा जोर धरतो. या पूरकतेचा लाभ घेणारे राष्ट्रीय पवन-सौर संमिश्र धोरण मे २०१८ मध्ये जाहीर झाले. जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन दिवसातील वेळेनुसार वीजदराची व सौर तासांत सवलतीच्या दराची तरतूद करण्यात आली.

संमिश्र संचासाठी कर्ज घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकाने विक्रेत्याच्या दरपत्रकावरच समाधान मानू नये. आपला तासवार वीजवापर, बॅटरीचे अपेक्षित आयुष्य व ती बदलण्याचा खर्च, तसेच इंधनाचे दर बदलल्यास होणारा परिणाम, या बाबी प्रस्तावासोबत लेखी मांडाव्यात. बॅटरी बदलण्याची वेळ कर्जफेडीच्या मुदतीतच येत असेल, तर त्यासाठी दरमहा काही रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकणे हिताचे ठरेल. अन्यथा हप्ते सुरू असतानाच संच बंद पडण्याची वेळ येऊ शकते.