आजोबांच्या पोथीला कसर

प्रश्न : आजोबांची महानुभावीय पोथी आणि जुनी छापील पुस्तकं आहेत. कसर लागली आहे. उन्हात ठेवू का? – एक वाचक, दारव्हा

उत्तर : आपल्याकडचं ऊन नकोच, कागद कडक होऊन घडीवर मोडेल. सावलीत उघडं ठेवा, शिवणीतली धूळ मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. कसर तिथेच लपते. फाटलेल्या पानाला सेलोटेप कदापि लावू नका, त्याचा पिवळा डाग निघता निघत नाही. हातकागदाची पोथी छापील पुस्तकांपेक्षा धडधाकट निघेल बहुधा. कारण त्या पुस्तकांचा लाकडी लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे आतूनच झिजतो. पोथी सुती रुमालात बांधून, भिंतीला न टेकवता उंचावर ठेवा. अक्षरं महानुभाव पंथाच्या सकळ या सांकेतिक लिपीतली वाटली, तर आधी जाणकाराला दाखवा. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास अशाच हस्तलिखितांवरून केला.