सोंथोफेनच्या पहाटेसाठी टायर

कोलोन, २० सप्टेंबर

चि. सोनूस,



तू जुनी पोलो घेतल्याचं ताईने कळवलं आणि पाठोपाठ तुझा प्रश्नही आला: सतरा इंची रिम आणि रुंद स्पोर्टी टायर घालू, ऑल-सीझन घालून वर्षभराची कटकट मिटवू, की हॉस्पिटलातले सगळे सांगतात तसे हिवाळी टायर वेगळे घेऊ? फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण तू कारण कळल्याशिवाय गोष्ट मानत नाहीस, आणि ते मला आवडतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मत आधी सांगतो. हिवाळी टायरचा पूर्ण संच घे, स्वतंत्र रिमवर बसवलेला. एप्रिलनंतर गाडीच्या मूळ मापाचे चांगले उन्हाळी टायर. स्पोर्टी टायरचा विचार सोडून दे. आणि ऑल-सीझन माझ्या गाडीला आहेत म्हणून तुझ्या गाडीला चालतील असं समजू नकोस.

तुझी सकाळची पाळी सहाला सुरू होते. म्हणजे तू सव्वापाचला सोंथोफेनहून निघणार आणि बी-१९ महामार्गाने केम्प्टनच्या हॉस्पिटलात जाणार. सोंथोफेन साडेसातशे मीटर उंचीवर, डोंगराच्या कुशीत. रात्री बर्फ पडला तर मीठ टाकणारी गाडी मोठ्या रस्त्यावरून गेलेली असेल, पण तुझ्या गल्लीत ती पोचलेलीच असेल असं नाही. आणि 'आज बर्फ आहे, येत नाही' असं म्हणणं वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेला परवडत नाही. टायर निवडायचे ते या पहाटेसाठी. रविवारी दुपारी ओबरयोखच्या घाटातल्या शंभरावर वळणांवर गाडी किती मजेत पळते, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता कारण. टायरचं रबर तापमानाप्रमाणे बदलतं. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसं उन्हाळी टायरचं रबर गारठ्यात कडक होतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरून पकड घेणं त्याला जमत नाही. इथे सात अंश सेल्सिअसचा आकडा सांगतात. ती काही काटेकोर सीमारेषा नाही, पण अंदाजाला बरी आहे, आणि तुमच्या आल्गॉय भागातलं पहाटेचं तापमान ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बहुतेक त्याच्या खालीच असतं. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबर अशा बेताने असतं की ते शून्याखालीही लवचीक राहतं. शिवाय त्याच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. खोल खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फावर बर्फ चांगला धरतो, म्हणून तोही मदतच करतो.

थोडं गणित कर. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून गाडी साधारण ११ मीटरांत थांबते. दाबलेल्या बर्फावर, टायर चांगला असला तरी, हेच अंतर ३० मीटरांच्या पुढे जातं. नितळ गोठलेल्या रस्त्यावर ते शंभराच्या घरात पोचतं, आणि तिथे कुठलाच टायर फारसं काही करू शकत नाही. तिथे वेग कमी ठेवणं एवढंच आपल्या हातात. एबीएस, ईएसपी ही यंत्रणा टायरजवळ असलेली पकड नीट वापरते, नसलेली निर्माण करत नाही. चारही चाकांना ताकद देणारी गाडी चढावर भराभर निघते खरी, पण थांबायला तिलाही टायरच लागतात.

स्पोर्टी टायर वाईट नाहीत. ते वेगळ्या कामाचे आहेत. तू पाठवलेलं माप २१५/४० आर १७. यातला ४० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ८६ मिलिमीटर. तुझ्या गाडीच्या १८५/६० आर १५ ला ही भिंत १११ मिलिमीटरची आहे. भिंत बुटकी आणि ताठ असली की स्टिअरिंगला झटकन प्रतिसाद मिळतो, हे खरं. पण खड्ड्याचा किंवा फुटपाथच्या कडेचा मार मग थेट रिमला बसतो. रुंद टायर पाण्यावर आणि पातळ चिखलबर्फावर लवकर तरंगायला लागतो, अरुंद टायर त्यातून चिरत खाली रस्त्यापर्यंत पोचतो. त्या टायरवरचं डब्ल्यू हे अक्षर ताशी २७० किलोमीटरची हमी देतं आणि तुझी पोलो १८० च्या आतच थांबते. तिला १९० चं टी अक्षरही पुरतं. वर कायद्याचाही भाग आहे: गाडीच्या कागदपत्रांत, म्हणजे सीओसीमध्ये, जे माप नाही ते बसवायचं तर तपासणी करून मंजुरी घ्यावी लागते. वळणांची हौस आहे ना? मग उन्हाळी टायर घेताना ओल्या रस्त्यावरच्या पकडीत अ किंवा ब श्रेणीचे घे. युरोपच्या लेबलवर ते छापलेलं असतं. पावसातल्या घाटरस्त्यावर त्याचा उपयोग तुला पहिल्याच दिवशी कळेल. लेबल सगळं सांगत नाही, झीज आणि कोरड्या रस्त्यावरचे ब्रेक त्यावर नसतात, म्हणून एडीएसी या इथल्या वाहनचालक संघटनेच्या चाचण्याही वाच.

ऑल-सीझनबद्दल तू म्हणालीस, 'मामा, तू तर तेच वापरतोस.' हो, वापरतो. कोलोन ऱ्हाइनच्या सपाट खोऱ्यात आहे, इथे बर्फ टिकतो तो थोडेच दिवस, आणि त्या दिवशी मी ट्रामने जातो. अशा ठिकाणी एकाच संचात वर्ष काढणं शहाणपणाचं आहे, आणि आजचे चांगले ऑल-सीझन टायर पूर्वीपेक्षा खूपच सुधारले आहेत. पण जुलैच्या तापलेल्या रस्त्यावर ते उन्हाळी टायरपेक्षा उशिरा थांबवतात आणि जाड बर्फाच्या चढावर हिवाळी टायरच्या मागे पडतात. तुझ्याकडे पहाटेची ट्राम नाही आणि बर्फ महिनोन्‌महिने असतो.

पुण्यात तू गाडी शिकलीस तेव्हा हा प्रश्न आलाच नाही, कारण तिथल्या थंडीत टायर बदलायची गरज कोणालाच पडत नाही. तिथे आपण पावसाळ्याआधी नक्षी किती उरली ते बघतो आणि टायर गुळगुळीत झाला की बदलतो. इथे त्याआधीच बदलायला लागेल. जर्मनीत कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते, पण हिवाळी टायर ४ मिलिमीटरच्या खाली गेला की बर्फात त्याचा जोर संपतो. ऑस्ट्रियात तर त्याखालचा टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत. ओबरस्टडॉर्फच्या पुढे क्लाइनवाल्सरटालला फिरायला जाशील तेव्हा हे लक्षात ठेव. रस्ता जर्मनीतूनच जातो, पण खोरं ऑस्ट्रियाचं आहे, आणि तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी परिस्थितीत असे टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत तारखा नाहीत, रस्त्यावर बर्फ असला किंवा रस्ता गोठलेला असला की सक्ती. मोडली तर ६० युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत एक पॉइंट. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई कापू शकते.

टायर घेताना त्याच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे ना, ते हाताने चाचपून बघ. ते बर्फावरची चाचणी पार केल्याशिवाय मिळत नाही. नुसतं 'एम+एस' उत्पादक स्वतःच छापतो, त्याला चाचणी लागत नाही, आणि ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत तेवढ्यावर टायर हिवाळी ठरत नाही. तुझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने डिकीत ठेवलेल्या टायरांवर फक्त तेच असेल तर ते वापरू नकोस. डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडेही बघ: ३५२२ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी रबर जुनं झालं की ते कडक होतं, तेव्हा सात-आठ वर्षांचे टायर कोणी फुकट दिले तरी घेऊ नकोस.

चारही चाकांना एकसारखे टायर हवेत. पैसे वाचवायला फक्त पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी घातले तर वळणावर मागची बाजू घसरून गाडी फिरेल. टायर बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून चाकांचे बोल्ट पुन्हा आवळून घे. हवा मात्र स्वतः बघायची सवय लाव, टायर गार असताना: तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण ०.१ बार हवा कमी दिसते, म्हणजे सप्टेंबरात बरोबर भरलेली हवा जानेवारीत कमी भरते.

खर्चाचं दडपण घेऊ नकोस. दोन संच असले की प्रत्येक संच निम्मं वर्ष विश्रांती घेतो आणि तेवढा जास्त टिकतो, त्यामुळे खरा जादा खर्च रिमचा, अदलाबदलीचा आणि ठेवणावळीचा. रिमचे पैसे मी देतो. ही तुझ्या गाडीची भेट समज आणि नको म्हणू नकोस.

आणि एक काम याच आठवड्यात कर: गॅरेजला फोन करून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली वेळ घे. पहिला बर्फ पडला की तिकडे सगळ्यांना एकाच दिवशी टायर बदलायचे असतात आणि मग पंधरा-पंधरा दिवस नंबर लागत नाही. वेळ ठरली की मला कळव.

तुझा,
मामा