घरात फोन किती असावेत?

गोदावरीच्या तीरावरील नाशिक शहरात एके काळी दूरध्वनी ही घराची नव्हे, तर आळीची वस्तू होती. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ साली दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. परंतु त्यानंतर शंभर वर्षे लोटली, तरी सामान्य माणसाच्या घरी हे यंत्र क्वचितच दिसे. आळीतील एखाद्या दुकानदाराकडे किंवा डॉक्टरांकडे दूरध्वनी असे. परगावच्या नातेवाइकाचा निरोप तेथे येई आणि शेजारचा एखादा मुलगा धावत जाऊन तो पोहोचवी. एका यंत्रावर दहा घरांची गरज भागे. मात्र प्रत्येकाला शेजाऱ्याची सोय पाहावी लागे.

३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइल फोनवरून पहिले संभाषण झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. आरंभी बोलणाऱ्याप्रमाणे ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. २००३ साली ऐकणाऱ्यावरील हा भार दूर झाला. हळूहळू दरही उतरले, आणि जो फोन पूर्वी मेजावर असे, तो खिशात आला. घराचा फोन माणसाचा झाला.

आता एखाद्या घरी माणसे चार आणि फोन सहा असतात; त्यांपैकी दोन कपाटाच्या खणात पडून राहतात. दुसऱ्या घरी माणसे सहा असतात आणि फोन एकच. मग घराला खरोखर किती फोन लागतात?

या प्रश्नाचे उत्तर २०२० साली नाशिक जिल्ह्याला जवळून पाहावयास मिळाले. त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या व धडे फोनवरून येऊ लागले. शहरातील पुष्कळ मुलांची सोय झाली. परंतु इगतपुरीसारख्या डोंगराळ, पावसाच्या तालुक्यात अनेक घरी धडे पाहता येतील असा फोनच नव्हता. जेथे एकच होता, तेथे अडचण निराळी होती. वडील कामावर निघाले, की फोन त्यांच्याबरोबर जाई. तो घरी ठेवावा, तर मजुरीचा निरोप चुके. बरोबर न्यावा, तर मुलांचा धडा बुडे. दोन भावंडांचे वर्ग एकाच वेळी भरले, तर एकाला मागे राहावे लागे. घरात फोन होता, पण हव्या त्या वेळी तो हाती नव्हता.

तेव्हा नाशिकच्या ‘रेडिओ विश्वास’ या सामुदायिक केंद्राने जून २०२० पासून नभोवाणीवरून धडे देण्यास प्रारंभ केला. तिसरी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुमारे १५० शिक्षकांनी आपले पाठ ध्वनिमुद्रित केले. इयत्तांप्रमाणे वेळा ठरल्या. इगतपुरी तालुक्यातील शिक्षकांनी ४५१ लहान रेडिओ संच मुलांना वाटले. ज्या मुलांना फोन मिळत नव्हता, त्यांच्या कानी गुरुजींचा आवाज पुन्हा पडू लागला. महागड्या यंत्रावाचून अडलेले काम एका साध्या संचाने पार पाडले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. घराची गरज माणसे मोजून ठरत नाही. एकाच वेळी किती कामे अडतात, हे पाहून ठरते. लासलगावच्या बाजारातील कांद्याचा भाव विचारावयाचा असेल, तर शेतकऱ्याच्या घरी एक फोन पुरतो. कारण भाव घरात एकानेच विचारला तरी चालतो. आई दवाखान्यात रात्रपाळीला असेल व घरी वृद्ध आजी असेल, तर तेथे दोन फोन ही चैन नव्हे. उलट, नवा नमुना बाजारात आला एवढ्यासाठी घेतलेला फोन कोणतेच अडलेले काम सोडवीत नाही.

खणात पडलेला फोन निरुपयोगीही नसतो. तो चालू असेल, तर एखाद्या विद्यार्थ्याच्या अभ्यासास उपयोगी पडतो. बिघडला असेल, तर त्यातील तांबे, सोने इत्यादी धातू पुन्हा वेगळे काढता येतात. म्हणून तो घंटागाडीतील ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता जुन्या विद्युत वस्तू घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

पूर्वी आळीतील एक यंत्र दहा घरांना पुरे, कारण ज्याच्याकडे ते होते, तो दुसऱ्याचा निरोप आपला मानी. आज यंत्रे वाढली आहेत. ज्या घरी दोन फोन खणात पडून आहेत आणि ज्या घरी एकाही मुलाला धडा ऐकता येत नाही, ती दोन्ही घरे पुष्कळदा एकाच गावात असतात.

स्वाध्याय
१. पूर्वी आळीतील एका दूरध्वनीवर दहा घरांची गरज कशी भागत असे?
२. घरी एकच फोन असलेल्या मुलांना २०२० साली कोणती अडचण आली?
३. आपल्या घरातील फोन मोजा. प्रत्येकावर कोणते काम होते, ते लिहून काढा.