दुसरेपणाची कथा : पुनर्विवाह, घर आणि मराठी आत्मकथन

१

मराठी बोलीत ‘दुसरेपण’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. मुलगी ‘दुसरेपणावर दिली’ असे म्हटले की तिचा पती विधुर आहे, हे ऐकणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. अशा वरासाठी ‘बिजवर’ हा शब्दही रूढ आहे. त्यात थोडी कुचेष्टा असली तरी निषेध नाही. विधवेने पुन्हा विवाह करावयाचा म्हटला की भाषा मात्र बदलते. उच्चवर्णीय बोलीत त्यासाठी घरगुती शब्दच सापडत नाही. ‘पुनर्विवाह’ हा चळवळीने आणि वृत्तपत्रांनी रुळवलेला संस्कृत शब्द वापरावा लागतो. याउलट कुणबी, आगरी आणि इतर अनेक जातींच्या बोलीत ‘पाट लावणे’, ‘मोहतूर’ असे शब्द पूर्वापार आहेत. एखाद्या समाजाने दुःखानंतरची दुसरी संधी कोणाला दिली आणि कोणाला नाकारली, याचा पुरावा असा त्याच्या शब्दसंग्रहातच आढळतो.

जोडीदाराच्या मृत्यूनंतर मोडलेले घर पुन्हा उभे राहणे, हे कौटुंबिक प्रेमकथेचे एक सार्वत्रिक आशयसूत्र आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासात ते बहुधा ‘विधवांचा प्रश्न’ या शीर्षकाखाली तपासले जाते. त्यामुळे समस्येचा इतिहास हाती लागतो. पण घर प्रत्यक्षात कसे सावरले, हा कथेचा गाभा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) हे आत्मकथन केंद्रस्थानी ठेवून आणि धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) व पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) यांच्याशी त्याची तुलना करून या गाभ्याचा विचार केला आहे.

२

मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हिचे पूर्ण शीर्षकच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण करण्याचा हेतू सांगते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता आणि कादंबरी त्यानंतरच्या वर्षी आली. पतीसह प्रवास करणारी यमुना वाटेत अनेक विधवांची दुःखे पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. अखेर ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. दुसरी संधी येथे आहे. पण ती धर्मांतराच्या पलीकडे आहे आणि कथानक तेथे पोहोचताच संपते. विवाहानंतरचे घर लेखकाच्या प्रयोजनात बसत नाही.

ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत ही संधीही नाही. ‘करमणूक’मध्ये १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतील यमू स्वतःची कथा स्वतः सांगते. पतीच्या मृत्यूनंतर तिच्या वाट्याला केशवपन येते आणि तिची कथा शोकान्त होते. कलादृष्ट्या ही कादंबरी ‘यमुनापर्यटन’च्या कितीतरी पुढे आहे. बोधाची जागा अनुभवाने घेतली आहे. परंतु अनुभवाशी प्रामाणिक राहायचे तर शेवट दुःखाचाच, अशी तत्कालीन वास्तवाची अट आहे. एक कादंबरी सुटका दाखवते पण घर दाखवत नाही. दुसरी घर दाखवते पण सुटका दाखवत नाही. या दोहोंमधील रिकामी जागा आत्मकथनांनी भरून काढली.

३

पुरुषाच्या दुसरेपणाकडे समाज कसा पाहत होता, याची दोन उदाहरणे तुलनेसाठी पुरेशी आहेत. महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली. विधवाविवाहाच्या पक्षाचे ते अग्रणी होते. तरीही वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. ती कुमारिका म्हणजेच पुढे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) लिहिणाऱ्या रमाबाई रानडे. दुसरे उदाहरण ठाणे जिल्ह्यातले, भिवंडीला लागून असलेल्या कल्याणचे आहे. विधुर असलेल्या गोपाळराव जोशी यांचा नऊ वर्षांच्या यमुनेशी १८७४ साली विवाह झाला. हीच यमुना पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आली. दोन्ही विवाहांत वयाचे अंतर मोठे होते, पण त्यासाठी कोणालाही वाळीत टाकले गेले नाही. विधुराचे घर पुन्हा बसणे हा निसर्गक्रमच मानला जात होता. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या निबंधात नेमक्या याच विषमतेवर बोट ठेवले होते.

या पार्श्वभूमीवर ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात झालेला विवाह वेगळा ठरतो. वर धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली होती आणि त्यांना रघुनाथ हा मुलगा होता. वधू देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई. बालपणीच विवाह होऊन काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. अनेक वर्षे सासरी राबल्यानंतर भाऊ नरहरपंत यांनी त्यांना मुंबईस आणले आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकू लागल्या. नरहरपंत हे कर्व्यांचे स्नेही होते. म्हणजे हा विवाह दोन परिचित घरांमधला होता. त्यामागे सुधारणेचे तत्त्व होते तसा वर्षानुवर्षांचा सहवासही होता. विधुराने विधवेशीच विवाह करावा, हा कर्व्यांचा निर्णय रानड्यांना न जमलेली गोष्ट करून दाखवणारा होता.

४

विवाहानंतर कर्वे दांपत्य मुरुडला गेले. दापोलीजवळच्या या गावासाठी कर्व्यांनी पूर्वी ‘मुरुड फंड’ उभारून कामे केली होती. त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्व्यांची आई व भावंडे यांनाही त्याची झळ लागली. लहान गाव हे या कथेतील केवळ स्थळ नव्हे. ते एक पात्रच आहे. शहरात मतभेद वृत्तपत्रांत मांडले जातात. गावात ते उंबरठ्यावर, पंगतीत आणि पाणवठ्यावर प्रकट होतात. ज्या माणसांच्या हिताची काळजी वाहिली त्यांच्याकडूनच नाकारले जाणे, हे वैधव्याहून निराळे असे दुसरे दुःख या विवाहाबरोबर आले.

‘आत्मवृत्त’ आणि ‘माझे पुराण’ यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. कर्व्यांच्या निवेदनात विवाह हा कार्याच्या मालिकेतील पहिला दुवा आहे. त्यापाठोपाठ पुनर्विवाहाला साह्य करणारी संस्था, १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, १९०० मधील हिंगण्याचे स्थलांतर असा क्रम लागतो. भाषा संयत आहे, हिशेबी आहे आणि ‘मी’ हा कार्यकर्ता आहे. आनंदीबाईंच्या निवेदनात मात्र विवाहानंतर कार्य नव्हे, तर संसार सुरू होतो. ‘पुराण’ हे शीर्षकही अर्थपूर्ण आहे. मराठीत कंटाळवाणे, लांबण लागलेले बोलणे म्हणजे ‘पुराण’. आपल्या सांगण्याला आपणच ते नाव देण्यात नम्रता आहे तशी मिस्कील सावधगिरीही आहे. कोणी हसण्याच्या आधी निवेदिका स्वतः हसून घेते आणि मग जे सांगायचे ते निर्धास्तपणे सांगते.

तिला जे सांगायचे आहे ते मुख्यतः घराचे अर्थकारण आहे. पतीची मिळकत आणि आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेच्या कामी लागावी आणि संसाराला उरलेल्यात भागवावे लागावे, हा ताण ‘आत्मवृत्ता’त त्याग म्हणून येतो, ‘पुराणा’त तो डब्यातल्या धान्याचा प्रश्न होऊन येतो. दोन्ही निवेदने खरी आहेत. त्याग करणारा आणि त्यागाची किंमत मोजणारा ही दोन माणसे असतात, हे मात्र दुसऱ्या पुस्तकाशिवाय कळत नाही. आणखी एक विसंगती आहे. आश्रमात विधवा मुली पाठवण्यास पालकांनी कचरू नये म्हणून कर्व्यांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ कटाक्षाने अलग ठेवली. परिणामी ज्या स्त्रीच्या जीवनातून या कार्याला प्रत्यक्ष अधिष्ठान मिळाले, तिचे पुनर्विवाहित असणेच आश्रमाच्या दृष्टीने अडचणीचे ठरू शकत होते.

५

अशा परिस्थितीत दुःखावरचा उपाय कोणता? रूढ प्रेमकथेचे उत्तर ‘नवे प्रेम’ असे असते. आनंदीबाईंच्या कथनातून मिळणारे उत्तर वेगळे आहे. त्यात प्रेमाची भाषा जवळजवळ नाही. उपयोगी पडण्याची भाषा आहे. शिकणे, सुईणपणाचे शिक्षण घेणे, मुले वाढवणे, पहिल्या पत्नीच्या मुलासह घर एक ठेवणे, यांतून व्यक्ती पुन्हा घडत जाते. दुसरेपणाच्या घरात मृत व्यक्तीही एका अर्थी नांदत असते. तिला विसरून नव्हे, तर तिच्या जागेचा मान राखून नवे नाते रुजते. जखम बुजणे म्हणजे पूर्वीचे पुसले जाणे नव्हे, हे या कथनाचे मूळ सूत्र म्हणता येईल.

पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण या निष्कर्षाला पूरक आहे. त्या आनंदीबाईंच्या सख्ख्या बहीण. तरुणपणी, एक मूल पदरी असताना त्यांना वैधव्य आले. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. त्या हिंगण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या, संस्थेसाठी निधी जमवत हिंडल्या. १९१२ साली त्यांनी केशवपनाची रूढी सोडली आणि १९१८ साली इंग्रजी शिकण्याच्या जिद्दीने अमेरिकेस जाऊन तेथे घरकामे करून निर्वाह केला. एकाच घरातील दोन बहिणींपैकी एकीला दुसरा संसार मिळाला, दुसरीला दुसरे आयुष्य. ‘माझे पुराण’ आणि ‘माझी कहाणी’ शेजारी ठेवून वाचली तर दुसरी संधी म्हणजे दुसरा विवाह हे समीकरण टिकत नाही. विवाह हा तिचा एक प्रकार ठरतो.

६

या वाचनाची मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. वर उल्लेखिलेली सर्व आत्मकथने ब्राह्मण लेखक-लेखिकांची आहेत. ज्या जातींत पाट रूढ होता तेथे विधवेचा विवाह हा ‘प्रश्न’ नव्हता, रूढी होती. मुस्लिम समाजात इद्दतीचा चार महिने दहा दिवसांचा काळ संपल्यावर विधवेचा निकाह धर्मसंमतच होता. १८५६ च्या कायद्याने उच्चवर्णीय विधवेला विवाहाची मोकळीक दिली, पण पुनर्विवाहानंतर मृत पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क संपेल अशी तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद पाट पूर्वीपासून रूढ असलेल्या जातींनाही लागू धरली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तसे मानले नाही. मुक्तीचा म्हणून ओळखला जाणारा कायदा काही स्त्रियांच्या बाबतीत असा संकोचाचा ठरला. मराठी कादंबरीने मात्र एका वर्गाचे दुःख ‘हिंदू विधवेचे दुःख’ म्हणून मांडले आणि समीक्षेने ते तसेच स्वीकारले.

ही मर्यादा भिवंडीसारख्या गावातील वर्गात विशेष जाणवते. आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान, तेलुगू पद्मशाली, उत्तर भारतातून मागावर कामाला आलेले विणकर अशा अनेक समाजांची ही वस्ती आहे. यमूची कथा येथील विद्यार्थ्याला हेलावून सोडील. पण ‘आमच्यात तर पाट होता’ हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. तो विषयांतर म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. संहितेचा सामाजिक परीघ दाखवून देणारा तोच सर्वांत नेमका प्रश्न आहे. पाट लावलेल्या स्त्रीला खरोखर निवड होती काय, पहिल्या घरातील मुलांचे काय होई, मंगलकार्यात तिला मान होता काय, हे पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात. त्यांची उत्तरे छापील साहित्यापेक्षा ओव्या, घरातील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी आणि मौखिक कथने यांत शोधावी लागतील.

भिवंडीच्या संदर्भात ‘हानी’ या शब्दाला आणखी एक परिमाण आहे. मे १९७० आणि मे १९८४ मधील दंगलींनी या गावातील अनेक घरे उद्ध्वस्त केली. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. चौकशी अहवाल घटनाक्रम व जबाबदारी निश्चित करतो; ते त्याचे कार्य आहे. पण जळलेल्या घरात पुन्हा चूल कोणी पेटवली, कोणत्या शेजाऱ्याने पहिल्यांदा दार ठोठावले, विधवा झालेल्या स्त्रीने पुढची वर्षे कशी काढली, हे अहवालात मावत नाही. ते सांगणे कौटुंबिक कथनाचे काम आहे. गाव स्वतःच दुःखातून सावरत असताना त्यातील घरांची कथा लिहिली जाणे, हे साहित्यदृष्ट्या तितकेच महत्त्वाचे आहे.

७

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, पुनर्विवाहाच्या कादंबरीचे कथानक विवाहाशी किंवा मृत्यूशी संपते, तर आत्मकथन विवाहापासून सुरू होते. म्हणून या आशयसूत्राचा अभ्यास दोन्ही प्रकार एकत्र वाचल्याशिवाय पुरा होत नाही. दुसरा, पती-पत्नींची आत्मकथने उपलब्ध असतात तेथे ती जोडीने अभ्यासावीत, कारण एकाच घटनेचा तात्त्विक आणि व्यावहारिक अर्थ त्यांत विभागलेला असतो. तिसरा, ‘दुसरी संधी’ ही जात, धर्म व लिंग यांनुसार वाटली गेली होती, आणि ही वाटणी भाषेतही नोंदली गेली आहे.

‘दुसरेपण’ या शब्दात आजही किंचित उणेपणा आहे. आनंदीबाईंनी आपल्या कथनाने तो नाकारला नाही. त्या उणेपणासह घर कसे उभे राहते, एवढेच दाखवले. अभ्यासकाने त्या शब्दापाशी थांबावे आणि तो उच्चारणाऱ्या प्रत्येक घराची कथा ऐकावी, इतकी जागा मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात असणे अगत्याचे आहे.