हिरडा आणि वारकरी



ओतुरास मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे आणि तेथेच तुकोबारायांचे सद्गुरु बाबाजी चैतन्य यांची समाधी. दर्शनाला येणारा वारकरी पायऱ्या उतरता उतरता आम्हांस हटकून विचारतो, "महाराज, हिरडा चांगला कुठं मिळंल हो?" विचारणारच. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरात हिरडा रग्गड. तिकडील आदिवासी बांधव उन्हाळ्यात कोवळी, आठळी न धरलेली फळे काढून वाळवतात. ती काळी पडली म्हणजे बाळहिरडा झाला. कित्येक घरांची वर्षाची मीठमिरची त्यावर निघते.

या हिरड्याचे गुण आम्ही कीर्तनात पुष्कळ गाइले. झाडपाला दाराशी मिळतो, पैसा थोडा लागतो, साध्या दुखण्याला लगेच सापडतो, हे आजही आमचे म्हणणे आहे. पडशाला सुंठ, खोकल्याला अडुळसा, कोठा जड झाला तर त्रिफळा. एवढ्यासाठी दवाखान्याच्या बाकावर दिवस घालवण्याचे कारण नाही.

पण आमच्या तोंडून एकदा जास्तीचे वाक्य गेले: "झाडपाल्यात सारे आहे, गोळ्यांचे काय घेऊन बसलात?" टाळी मिळाली. दिंडीतल्या एका वृद्ध विणेकऱ्यांनी ते मनावर घेतले. रक्तदाबाच्या गोळ्या घरीच ठेवल्या, रोज सकाळी काढा, एकादशीला निरंकार उपास आणि रात्री हिरड्याची पूड. इंदापूरच्या मुक्कामी त्यांचे तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. विणा आता पुतण्याच्या गळ्यात आहे. बुवांनी आम्हांस एका शब्दाने बोल लावला नाही. तेच आम्हांस जड जाते. म्हणून हा पाठ.

परत येऊन आम्ही भावप्रकाश काढला. पाठशाळेत असताना हरीतकीचे प्रकरण घोकले होते, पण घोकणे निराळे. भावमिश्रांनी हिरड्याला ऋतुपरत्वे अनुपान सांगितले आहे: ग्रीष्मात गूळ, वर्षाऋतूत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध. एवढे पुष्कळांना पाठ असते. त्याच प्रकरणात हिरडा कोणी खाऊ नये हेही दिले आहे, आणि ती यादी वाचून आम्ही चपापलो. वाट चालून थकलेला, अशक्त, कृश, उपासाने क्षीण झालेला, पित्त वाढलेला आणि गर्भवती स्त्री. अहो, पहिले चार म्हणजे आषाढातला आपला वारकरीच की! रोज पाच-सहा कोस चालणाऱ्याला, त्यातून एकादशी केलेल्याला, त्या ग्रंथानेच हिरडा वर्ज्य केला आहे. घरी बसलेल्याला जे औषध, ते वाटेवरच्याला नव्हे.

चरकाचार्यांनी तर न जाणता दिलेल्या औषधाला विष, शस्त्र आणि अग्नी यांच्या पंक्तीला बसवले आहे. आणि चिकित्सेचे पाद चार सांगितले: वैद्य, द्रव्य, शुश्रूषा करणारा आणि रोगी. आपण नुसते द्रव्य उचलतो आणि उरलेले तीन पाय मोडून टाकतो. मग खाट उभी कशी राहील?

"गोळी म्हणजे रसायन, पाला म्हणजे देवाचा," असे म्हणणारे भेटतात. सर्पगंधा आपल्याच देशातली मुळी. तिने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील यांनी रोगी तपासून 1949 साली लिहिले. 1952 साली तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि त्याची गोळी झाली. कोयनेल सिंकोना झाडाच्या सालीतले. म्हणजे मुळी आणि गोळी एकाच कुळातल्या निघाल्या. फरक मात्रेचा. गोळीत किती द्रव्य आहे ते वेष्टनावर छापलेले असते. मूठभर पाल्यात किती उतरले, हे कुणी मोजावे? जमीन, ऋतू, वाळवण, साऱ्याने ते बदलते.

सर्पदंशाला तर पाला शोधूच नये. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते, कधी कधी चावल्याचे कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. तेथे घोड्याच्या रक्तापासून केलेली प्रतिविषाची लस हाच उपाय, आणि ती दवाखान्यातच मिळते. मुक्कामी निजताना मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचावी.

असो. यंदा दिंडीच्या पेटीत सुंठ, ओवा आणि अडुळशाची पाने आम्ही ठेवणार आहोत. हिरडा ठेवणार नाही. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी आपल्या गोळ्या नावासकट चिठ्ठी लिहून पडशीत ठेवाव्या, आणि काढा घेत असाल तर तो डॉक्टरांना सांगावा. चिठ्ठी लिहिता येत नसेल त्याने आमच्याकडे यावे, आम्ही लिहून देऊ.